इलस्ट्रेशन आणि म्युझिक व्हिडिओचे विद्यार्थी प्रकल्प: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर सत्राला प्रश्न तेच येतात, विचारणारे चेहरे तेवढे बदलतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलं आहे. इलस्ट्रेशन आणि म्युझिक व्हिडिओ एकाच पानावर कसे, असं कुणाला वाटेल. पण दोन्हींत कुणीतरी आधीच बोलून बसलेलं असतं, एकीकडे लेखक आणि दुसरीकडे गाणं. त्याच्या शेजारी शोभेल असं चित्र आपल्याला उभं करायचं असतं. त्यामुळे अडायची जागाही बहुतेक वेळा एकच असते.

ब्रीफ हातात आहे, डोकं कोरं आहे. सुरुवात कुठून करू?

ब्रीफ, म्हणजे काय काम हवंय ते सांगणारा मजकूर, स्वतःच्या हाताने कागदावर उतरवून काढा. हे शाळकरी वाटेल, पण निम्मे घोटाळे इथेच टळतात. चित्रं किती, माप काय, कुणासाठी, कधीपर्यंत, हे चार मुद्दे वेगळे काढले की उरतं ते खरं काम. मग घड्याळ लावून वीस मिनिटं बसा आणि विषयावर जे सुचेल ते लिहा. पहिल्या दहा-बारा गोष्टी शेजारच्या बाकावरच्यालाही सुचलेल्या असतात. एकटेपणा म्हटलं की रिकामा बाक, स्वातंत्र्य म्हटलं की पक्षी, काळ म्हटलं की घड्याळ. त्या लिहायच्याच, कारण लिहिल्याशिवाय त्या डोक्यातून जागा सोडत नाहीत. तिथून पुढे, हात रेंगाळायला लागला की जे येतं ते बघण्यासारखं असतं.

गाणं असेल तर पहिल्या ऐकण्यात काही लिहू नका. दुसऱ्यांदा ऐकताना शब्द बाजूला ठेवून आवाजाचा आलेख काढा, नुसती वरखाली जाणारी रेघ. कुठे चढलं, कुठे अचानक रिकामं झालं, कुठे एखादं वाद्य गुपचूप निघून गेलं, सगळं त्या रेघेवर टिपा. हा कागद शेवटपर्यंत जपा.

विषय पक्का आहे, पण सर म्हणतात “कल्पना दिसत नाही.” फरक काय?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो. उत्तर जरा लांब आहे.

“माझा प्रकल्प विरहावर आहे” हा विषय झाला. “मला निळसर, धूसर वातावरण हवंय” हा मूड. “मी कागद कापून स्टॉप मोशन करणार आहे” (वस्तू थोडी थोडी सरकवून एकेक फोटो घ्यायचा) हे तंत्र. तिन्ही लागतात, पण तिन्हींची बेरीज केली तरी कल्पना होत नाही. कल्पनेत कुणीतरी काहीतरी करत असतं आणि ते करणं डोळ्यांना दिसतं. ती एका वाक्यात सांगता येते आणि त्या वाक्याला क्रियापद असतं.

उदाहरण घेऊ. विरहाचं गाणं आहे. मोठ्या चादरीची घडी घालायला दोघं लागतात, दोन टोकं याने धरायची, दोन तिने. आता ती एकटी आहे. एक टोक दाराच्या कडीला अडकवते, निसटतं. मग खुर्चीच्या पाठीला, खुर्ची कलंडते. मग हनुवटीखाली धरून बघते. दर ध्रुवपदाला नवी युक्ती. यात रडणं नाही, पाऊस नाही, जुने फोटो नाहीत, आणि तरी गेलेला माणूस प्रत्येक चौकटीत आहे, चादरीच्या पलीकडच्या टोकाला.

आता हीच कल्पना मासिकातल्या एका चित्रासाठी लागली तर? कपाटाच्या बंद दारात चादरीची दोन टोकं चिमटीत पकडल्यासारखी अडकलेली, उरलेली दोन तिच्या हातात, कापड मधोमध ताणलेलं. एवढंच. एक कल्पना दोन्ही माध्यमांत उभी राहिली, याचा अर्थ ती तंत्राच्या कुबड्यांवर चालत नाही.

तुमच्या वाक्याला ही परीक्षा लावा. क्रियापद आहे का? दिसणारं आहे का? “ती त्याला आठवते” हे क्रियापद कॅमेऱ्याला दिसत नाही. “ती दाराला चादर अडकवते” हे दिसतं.

गाण्यात “पाऊस” आहे. मग पाऊस दाखवायचाच नाही का?

दाखवा, पण गायकाने “पाऊस” म्हटलं त्याच क्षणी नको. कान आणि डोळा एकाच वेळी तीच गोष्ट सांगायला लागले की दोघांपैकी एक फुकट जातो. प्रेक्षकाला आपण मंद आहोत असं समजून कुणी समजावतंय, असं वाटतं.

शब्द जिथे थांबतात तिथून चित्राने उचलायचं. एक साधा खेळ करा. गाण्याची किंवा मजकुराची प्रत घ्या आणि प्रत्येक ओळीशेजारी लिहा की ही ओळ काय सांगत नाही. “मी वाट पाहिली” या ओळीत किती वेळ, कुठे बसून, हातांनी काय करत, शेजारी कोण होतं, यातलं काहीच नाही. ती रिकामी जागा तुमची. लेखकाने “म्हातारा खुर्चीत बसला होता” असं लिहिलंय आणि तुम्ही खुर्चीत बसलेला म्हातारा काढलात, तर वाचकाला तेच पान दोनदा वाचायला दिलंत. खुर्चीखाली काय सरकवून ठेवलंय ते काढा.

अर्थात मुलांच्या पुस्तकात कधी कधी शब्द आणि चित्र सरळसरळ जुळावंच लागतं. नुकत्याच वाचायला लागलेल्या मुलाला चित्राचा आधार हवा असतो. प्रेक्षक कोण हे आधी बघा, म्हणूनच ब्रीफ हाताने उतरवायला सांगितलं.

गाणं कसं निवडू? माझं आवडतं गाणं घेतलं तर?

आवडतं गाणं शक्यतो नको. त्याच्याबरोबर तुमच्या आठवणी येतात आणि त्या प्रेक्षकाकडे नसतात. तुम्हाला रस्त्यावर चालणारा माणूस दाखवूनही भरून येतं, समोरच्याला नुसता चालणारा माणूस दिसतो. शिवाय महिनाभर रोज तेच गाणं शंभरदा ऐकल्यावर ते आवडतं राहत नाही, हेही लक्षात घ्या.

लांबी बघा. अडीच मिनिटांचं गाणं साडेचार मिनिटांच्या गाण्यापेक्षा जवळजवळ निम्मं काम मागतं. ध्रुवपद आणि कडवं यांच्यात स्पष्ट फरक असेल तर रचना सोपी जाते. सगळं एकाच पट्टीत घुमणारं गाणं ऐकायला छान असतं, पण त्यात दुसऱ्या मिनिटानंतर चित्रांनी काय करायचं हे ठरवणं नवख्याला जड जातं.

वर्गातच दाखवायचंय, तरी हक्कांची भानगड का?

कारण ते वर्गातच राहत नाही. महोत्सवाला पाठवावंसं वाटतं, पोर्टफोलिओत टाकावंसं वाटतं, आणि मग गाण्यापायी व्हिडिओ खाली उतरवावा लागतो.

एका गाण्यावर हक्कांचे दोन थर असतात. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. जुनी चाल सर्वांसाठी खुली झालेली असेल, पण तिचं गेल्या वर्षी केलेलं रेकॉर्डिंग खुलं नसतं. त्या कलाकारांची आणि निर्मात्याची परवानगी वेगळी लागते.

क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची, म्हणजे निर्मात्याने काही अटींवर वापरायला आधीच मोकळी केलेली गाणी घेताना शेवटची अक्षरं नीट वाचा. “बीवाय” म्हणजे श्रेय द्या. “एनसी” म्हणजे व्यावसायिक वापर नको. “एसए” म्हणजे तुमचं कामही त्याच परवान्याखाली द्या. विद्यार्थी हमखास फसतात ते “एनडी”मध्ये, म्हणजे रूपांतराला मनाई. गाणं जसंच्या तसं वापरलं तर रूपांतर कसलं, असं वाटतं. पण या परवान्यांच्या ४.० आवृत्तीच्या मजकुरातच लिहिलंय की संगीत चालत्या चित्राशी वेळेत जुळवून जोडलं की ते रूपांतरच धरलं जातं. त्यामुळे “एनडी” गाण्यावरचा व्हिडिओ स्वतःच्या संगणकावर बघता येईल, लोकांत आणता येणार नाही.

सगळ्यांत चांगला मार्ग अजूनही तोच आहे: संगीत शिकणारा एखादा मित्र गाठा आणि लेखी परवानगी घ्या. त्यालाही व्हिडिओ हवाच असतो.

थंबनेल, म्हणजे कल्पनेची झटपट छोटी रेखाटनं, किती काढायची? “वीस काढा” म्हणतात, माझी तिसऱ्यातच संपतात.

तिसऱ्यात संपतात, कारण तुम्ही ती मोठी आणि नीटनेटकी काढता. चौकट काडेपेटीएवढी घ्या. त्या मापात चेहऱ्यावरचे भाव काढताच येत नाहीत, त्यामुळे तुम्ही आपोआप आकार, रिकामी जागा आणि काळं-पांढरं यांचा विचार करता. जाड पेन वापरा, खोडरबर दूर ठेवा. प्रत्येकाला दोन मिनिटं.

विचार संपला की नियम बदला. तोच प्रसंग छतावरून बघा. मग जमिनीवरून. मग माणूस काढूनच टाका आणि फक्त वस्तू ठेवा. मग तो प्रसंग घडून गेल्यानंतरची खोली. चादरीच्या उदाहरणात “घडून गेल्यानंतर” म्हणजे पलंगावर पडलेली वेडीवाकडी घडी. कुणी सांगावं, मुखपृष्ठाला तीच जास्त चांगली लागेल.

एक तांत्रिक गोष्ट: थंबनेलच्या चौकटीचं प्रमाण अंतिम कामाइतकंच ठेवा. ए-मालिकेच्या (ए४, ए३ वगैरे) कागदाच्या बाजूंचं प्रमाण १:१.४१४ असतं, तर १६:९ च्या पडद्याचं १:१.७८. मनाला येईल तशा चौकोनात बेतलेली रचना प्रत्यक्ष मापात टाकली की कुणाचे तरी पाय कापले जातात.

मूडबोर्ड केला आणि आता माझं काम त्याच्यासारखंच दिसतंय.

मूडबोर्ड, म्हणजे संदर्भाच्या प्रतिमांचा फलक, फार लवकर केलात. आधी शब्दांतलं वाक्य, मग थंबनेल, मग मूडबोर्ड, असा क्रम लावा. उलट्या क्रमाने गेलात तर आधी कळस मग पाया होतो.

आणि बोर्डावर दुसऱ्यांची इलस्ट्रेशनं कमी लावा. चादरीवरच्या प्रकल्पाला वाऱ्यावर फुगलेल्या शिडांचे फोटो, कापडाच्या दुमडीचे क्लोजअप, पॅराशूट, तंबू, शस्त्रक्रियेच्या खोलीतली हिरवी कापडं हे सगळं जास्त खाद्य देईल. दुसऱ्या चित्रकाराने पचवलेलं खाल्लं की चव त्याचीच येते. प्रत्येक प्रतिमेखाली एक ओळ लिहा: यातलं मला नेमकं काय हवंय? रंग, पोत, अंतर की प्रकाश? ओळ लिहिता आली नाही तर ती प्रतिमा काढून टाका.

गाण्याचा नकाशा कसा करायचा? बीपीएम वगैरे खरंच लागतं?

चित्रीकरण करणार असाल तर थोडं, अ‍ॅनिमेशन करणार असाल तर भरपूर. गणित शाळेतलंच आहे.

बीपीएम म्हणजे मिनिटाला किती ठोके. फ्रेम म्हणजे व्हिडिओतलं एकेक स्थिर चित्र. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर मिनिटाला १,४४० फ्रेम होतात. १,४४० ला बीपीएमने भागा, एका ठोक्याला किती फ्रेम ते कळतं. १२० बीपीएमला १२ फ्रेम, ९६ ला १५, ९० ला १६. हे आकडे पूर्ण येतात, म्हणून काम सुखाचं. १०० बीपीएमला मात्र १४.४ येतात. इथे लोक १४ धरून पुढे चालत राहतात. दर ठोक्याला अर्ध्याहून कमी फ्रेमची चूक, कोण बघतंय? पण ६० ठोक्यांनंतर ती २४ फ्रेम, म्हणजे पूर्ण एक सेकंद झालेली असते आणि नाचणारा माणूस तबल्याच्या पुढे पळताना दिसतो. उपाय असा: प्रत्येक ठोक्याची जागा सुरुवातीपासून मोजा आणि मग जवळच्या फ्रेमला आणा. आधी पूर्णांक करून त्याची बेरीज करत जाऊ नका. नाहीतर सेकंदाला २५ फ्रेम घ्या. तिथे मिनिटाला १,५०० फ्रेम होतात आणि १०० बीपीएमला ठोक्याला नेमक्या १५ येतात.

आता आडवा कागद घ्या. वर वेळ, खाली मुखडा, कडवं, ध्रुवपद, मधलं संगीत, त्याखाली वाद्यं आणि सगळ्यांत खाली चित्रात काय घडतं ते. दिग्दर्शक मिशेल गोंद्री यांनी ‘केमिकल ब्रदर्स’ या बँडच्या ‘स्टार गिटार’चा व्हिडिओ असाच आलेखाच्या कागदावर बेतला होता. रेल्वेच्या खिडकीतून दिसणारी प्रत्येक वस्तू एकेका आवाजाशी बांधलेली. जुळणी तपासायला त्यांनी संत्री, काटे, पुस्तकं आणि बूट मांडून पाहिले. इतकं झगमगीत काम, आणि त्याच्या मुळाशी टेबलावर मांडलेले बूट!

नकाशा झाला की एक मोह आवरा. प्रत्येक ठोक्यावर कट नको. पहिल्या तीस सेकंदांत मजा येते, मग डोळा पुढचा कट कधी येणार हे ओळखायला लागतो. कधी ठोक्यावर, कधी जरा आधी, आणि एखाद्या लांब शॉटमध्ये मुद्दाम काहीच नाही, असं ठेवा.

कथा हवीच का?

नाही. पण बदल हवा. शेवटची चौकट पहिलीच्या जागी चालत असेल तर मधलं सगळं सजावट आहे. हा बदल वस्तूंचा, रंगाचा, वेगाचा, गर्दीचा, कशाचाही चालेल. चित्रपटकार लेन लाय यांनी १९३५ मध्ये कॅमेरा न वापरता थेट फिल्मच्या पट्टीवर रंगवून संगीताला चित्रं दिली. नॉर्मन मॅक्लारेन यांनी तर फिल्मच्या ध्वनीच्या पट्टीवरही रेघा काढून आवाज तयार केले. पात्रं नाहीत, संवाद नाहीत, आणि तरी बघणारा जागचा हलत नाही.

विद्यार्थ्यांना माझा सल्ला मात्र असा: पहिल्या प्रकल्पात एक पात्र आणि एक अडचण ठेवा. अमूर्त काम सोपं दिसतं आणि तिथेच घात होतो.

अ‍ॅनिमेशन करू की चित्रीकरण?

आधी हिशोब करा, मग हौस. तीन मिनिटांचं गाणं म्हणजे १८० सेकंद, २४ च्या वेगाने ४,३२० फ्रेम. दोन-दोन फ्रेमना एक चित्र धरलं तरी २,१६० चित्रं. एका चित्राला दहा मिनिटं म्हटली तर ३६० तास. रोज आठ तास, एकही सुट्टी न घेता, ४५ दिवस. यात रंग आला नाही, चुका आल्या नाहीत, ताप आला नाही.

‘आ-हा’ या बँडच्या १९८५ च्या ‘टेक ऑन मी’चं पेन्सिलीतलं जग आजही विद्यार्थी मूडबोर्डवर लावतात. चित्रित केलेल्या फ्रेमवरून गिरवून सुमारे ३,००० चित्रं काढली होती, आणि त्याला १६ आठवडे लागले होते. ते पूर्णवेळचे व्यावसायिक होते. तुम्हाला त्याच सत्रात आणखी चार विषय आहेत.

म्हणून मधला रस्ता शोधा. १२० बीपीएमच्या गाण्यात आठ ठोक्यांचं आवर्तन चार सेकंदांचं होतं. त्याला दोन-दोनच्या हिशोबाने ४८ चित्रं लागतात आणि ते ध्रुवपदाला दर वेळी थोड्या बदलाने वापरता येतं. किंवा सगळं चित्रित करा आणि फक्त चादर हाताने काढा. किंवा स्थिर चित्रंच घ्या, पण त्यांच्या बदलण्याची लय इतकी चोख ठेवा की हालचालीची आठवणही येऊ नये. अशी काटकसर दिसली की परीक्षक नाराज होत नाहीत. अर्धवट राहिलेलं भव्य काम दिसलं की होतात.

स्टोरीबोर्ड सुंदर काढावा लागतो का?

नाही. स्टोरीबोर्ड म्हणजे एकामागून एक शॉट दाखवणारी चित्रांची रांग, तिथे बाण आणि काडीमाणसं चालतात. मात्र माणूस कुठून आत येतो, कुठे बघतो, कॅमेरा किती जवळ आहे, हे दुसऱ्याला न विचारता कळलं पाहिजे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला डिस्नेच्या स्टुडिओत चित्रं भिंतीवर टाचायची पद्धत रुळली, त्यातलं खरं शहाणपण टाचणीत होतं. चित्र काढून टाकता येतं, जागा बदलता येते. म्हणून वहीत सलग चौकटी आखू नका, सुट्या चिठ्ठ्यांवर काढा. वहीतलं पान फाडायला मन धजत नाही आणि वाईट शॉट तिथेच घर करून बसतो.

त्यानंतर त्याच चिठ्ठ्यांचे फोटो गाण्यावर वेळेनुसार लावून अ‍ॅनिमॅटिक करा. एका दुपारचं काम आहे. कागदावर भारी वाटलेला शॉट नऊ सेकंद ताणावा लागतोय, हे इथेच उघडं पडतं. अ‍ॅनिमॅटिक न करता चित्रीकरणाला गेलेला गट मी लांबूनही ओळखतो. ते एकमेकांना “अजून एक घेऊन ठेवू” म्हणत असतात.

पैसे नाहीत, कॅमेरा साधा, जागा एकच खोली. काय होणार?

बरंच काही. एक खोली, एक पात्र, एक वस्तू हे बंधन लिहून भिंतीवर लावा. चादरीची कल्पना मुळात याच बंधनातून येते. खोलीत आहे काय? पलंग, कपाट, खुर्ची, दार. मग त्यांच्याशीच भांडण लावा.

वाईट कल्पना पैशाने झाकली जाते, असं दुरून वाटतं खरं. ड्रोनचा शॉट मिळाला की सगळे गट तो पहिल्याच सेकंदाला लावतात. मग सगळे व्हिडिओ सारखेच सुरू होतात.

चित्रीकरणाच्या दिवशी नेमकं काय चुकतं?

ओठ. माझ्या पहिल्या व्हिडिओत पहिलं कडवं अगदी जुळलं होतं, शेवटच्या कडव्यात गायिका स्वतःच्या आवाजाच्या पुढे निघून गेली. फोनने दर सेकंदाच्या फ्रेम कमीजास्त टिपल्या होत्या आणि मला ते संपादनाच्या रात्री कळलं. फोन वापरत असाल तर फ्रेमचा वेग स्थिर ठेवणारं अ‍ॅप घ्या. गाणं वेव्ह स्वरूपात वाजवा आणि तीच फाइल संपादनात लावा. एमपी३ च्या सुरुवातीला कधी कधी किंचित शांतता चिकटते, तिने जुळणी सरकते. प्रत्येक टेकच्या आधी टाळी वाजवा. आणि कलाकाराला खरोखर गायला सांगा, मोठ्याने. नुसते ओठ हलवले की गळ्याच्या शिरा शांत राहतात आणि खोटेपणा तिथून कळतो.

एक गंमत सांगतो. पात्राची हालचाल संथ, पण ओठ गाण्याशी जुळलेले, असं स्वप्नासारखं दृश्य हवंय? गाणं दुप्पट वेगाने वाजवा, कलाकार त्या वेगाने गाईल, आणि सेकंदाला ५० फ्रेमने टिपा. २५ च्या वेगाने दाखवलं की गाणं मूळ गतीला येतं आणि चादर पाण्यात पडल्यासारखी हलते.

झगमगते प्रकाश आणि वेगवान कट वापरले तर हरकत आहे का?

आहे. प्रकाशाच्या उघडझापीने काही लोकांना झटका येऊ शकतो. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’च्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे १२ वेळा लुकलुकला आणि ६०० हून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. वेबसाठीच्या सुलभतेच्या नियमांत एका सेकंदात तीनपेक्षा जास्त लखलखाट नको, असं सांगितलंय. तोच नियम पाळा. गडद लाल विशेष टाळा. नुसती सूचना आधी लावून मोकळं होऊ नका, सभागृहातला माणूस उठून कुठे जाणार?

संदर्भ वापरणं आणि नक्कल यांत फरक कसा ओळखायचा?

तुमचं काम आणि संदर्भ शेजारी ठेवून तिसऱ्या माणसाला दाखवा. तो “हे त्याच्यावरून घेतलंय” म्हणाला तर नक्कल. एकाच चित्रकाराकडून रचना, रंग आणि रेषा तिन्ही घेतलं असेल तर तो तिसरा माणूसही बोलवायची गरज नाही. फोटो गिरवायचा असेल तर स्वतः काढलेला गिरवा. आरशासमोर उभं राहून चादर झटका, हात कसे जातात ते बघा.

एआयबद्दलही विचारतात. ब्रीफच्या नियमांत काय लिहिलंय ते आधी वाचा, वापरलं असेल तर तसं सांगा. कल्पनेच्या टप्प्यावर मी ते टाळायला सांगतो. तिथून येतात त्या पहिल्या दहा-बारा गोष्टीच, फक्त चकचकीत होऊन, आणि चकचकीत असल्यामुळे टाकवत नाहीत.

गटात चौघांच्या चार कल्पना आहेत. मतदान घ्यावं का?

नको. मतदानात कुणाचाच आक्षेप नसलेली कल्पना जिंकते. त्यापेक्षा चारही कल्पनांचे तीस-तीस सेकंदांचे अ‍ॅनिमॅटिक करा, प्रत्येकाने स्वतःची सोडून दुसऱ्याची करायची. दुसऱ्याच्या हातात जी कल्पना वाढली ती घ्या. दिग्दर्शक मात्र एकच ठेवा आणि नाव कागदावर लिहा. “आपण सगळेच दिग्दर्शक” हे वाक्य ऐकलं की मी खुर्ची मागे सरकवतो.

अर्ध्यावर आलो आणि कल्पना नकोशी झाली. बदलू का?

नेमकं काय नकोसं झालंय? सगळ्यांच्या बाबतीत हे होतं, बहुतेकदा अंतिम काम सुरू झाल्यावर, कारण तिथे सुचणं संपतं आणि राबणं उरतं. तो कंटाळा आहे, निकाल नव्हे. अ‍ॅनिमॅटिक दोन दिवस बघू नका, मग अनोळखी माणसाला दाखवा आणि त्याला काय समजलं ते सांगायला लावा. मध्ये बोलू नका. गोष्ट त्याला समजली तर पुढे चला. गोष्टच समजली नाही, तर तंत्र तेच ठेवून फक्त क्रम किंवा शेवट बदला. उरलेला वेळ निम्म्याहून कमी असेल तर नवी कल्पना सुरू करू नका, कितीही मोहक असली तरी. ती वहीत लिहा. पुढचं ब्रीफ येणारच आहे.

प्रोसेस बुकमध्ये काय ठेवू?

प्रोसेस बुक म्हणजे काम कसं घडत गेलं त्याची वही. तिच्यात खोटं सोडून सगळं. आदल्या रात्री बसून “सुरुवातीची रेखाटनं” नव्याने काढणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात. पेन एक, शाई एक, हात न थकलेला, लगेच कळतं. तारीख टाकत जा. टाकलेल्या कल्पना ठेवा आणि शेजारी का टाकली ते एका वाक्यात लिहा. ज्युरी सगळ्यांत जास्त वेळ तिथेच थांबते.

फाइल कशी द्यायची?

छापायचं असेल तर ए४ ला ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल) २४८० × ३५०८ पिक्सेल, ए३ ला ३५०८ × ४९६१. कडेला ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा जागा), आणि रंग सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, बदलून एकदा कागदावर बघून घ्या. पडद्यावरचा झगझगीत निळा तिथे हमखास मावळतो. व्हिडिओ १९२० × १०८०, आवाज ४८ किलोहर्ट्‌झ, फाइल एच.२६४ या कॉम्प्रेशनने. उभा व्हिडिओ हवा असेल तर तो स्टोरीबोर्डच्या वेळीच ठरवा, नंतर आडव्यातून उभा कापला की चादरीचं एक टोक चौकटीबाहेर जातं. फाइलला “फायनल” नाव देऊ नका, तारीख द्या. आणि सबमिशनच्या आधी ती दुसऱ्याच्या संगणकावर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आवाज चालू ठेवून एकदा बघा.